दिवा कुणी धरायचा

मी हातदिवा बोलतोय. देवळातला नव्हे, गॅरेजातला. लाकडी मूठ, पुढे तारेची जाळी, जाळीच्या आत बल्ब आणि मागे लांबलचक काळी वायर, असा माझा अवतार. मिस्त्री गाडीखाली शिरतो तेव्हा त्याला मी लागतो. शाळेच्या निबंधात फुटकी पाटी, फाटकी छत्री वगैरे मंडळी डोळ्यांत पाणी आणून आपली कहाणी सांगतात. मला ते जमायचं नाही. माझ्या पोटात दहा वर्षांचा राग साठलाय आणि आज मी तो ओकणार आहे. ऐकायचं तर ऐका.

पुण्यात एका बोळातल्या दीड खोलीच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाईने माझी जाळी वळली, मूठ ठोकली आणि सगळ्यात शेवटी माझ्या डोक्यावर जाड तारेचा एक आकडा बसवला. मग मला भिंतीतल्या खिळ्याला टांगून तिने दोनदा ओढून पाहिलं. आकडा पक्का होता. हातदिवा कुठेही अडकवता यावा आणि मिस्त्रीचे दोन्ही हात मोकळे राहावेत, एवढ्यासाठी तो आकडा असतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे.

१९९४ साली यवतच्या नवनाथने मला विकत घेतलं. नवनाथ पाटसच्या साखर कारखान्यावर हंगामी फिटर होता. तिथून सुटला की घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो लोकांच्या लुना, एम-८०, राजदूत दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला गुण होता, ते मी नाकारत नाही. पण उजेडाच्या बाबतीत माणूस ठार अडाणी. शेडच्या बरोबर मध्यभागी, वर आढ्याला, साठचा एक बल्ब लटकवलेला. त्याच्यावर धुराची काजळी. भिंती तेलाच्या हातांनी काळ्या झालेल्या. नवनाथ गाडीवर वाकला की त्याचीच सावली इंजिनावर पडायची, आणि मग तो त्या बिचाऱ्या बल्बला शिव्या द्यायचा.

मला आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने काय करावं? एका गाडीची स्प्रिंग अडकली होती आणि ती ओढायला हत्यार सापडत नव्हतं. त्याने माझ्या डोक्यावरचा आकडा पक्कडीने उपटला, सरळ केला आणि त्याने स्प्रिंग बाहेर काढली. काम झाल्यावर ती तार कोपऱ्यात भिरकावून दिली. ज्या बाईने तो आकडा ओढून पाहिला होता, तिने हे बघितलं असतं तर नवनाथचा कान पिळला असता.

आता मला टांगायचं कशाने? नवनाथने त्यावर तोड काढली, आणि तिला दमडीही लागली नाही.

"सुरेखा, दिवा धर गं."

सुरेखा ही त्याची बायको. माहेर दौंडचं. लग्न ठरलं तेव्हा ती अकरावी पास झालेली होती आणि बारावी राहून गेली होती. ती बारावी तिला करायची होती. घरी बसून सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि परीक्षेला दौंडला जायचं, असं तिने मनाशी ठरवलेलं होतं. दिवसभर रानातली मजुरी, घरचं पाणी, भाकरी. पुस्तक हातात घ्यायला वेळ मिळायचा तो एकच, संध्याकाळी सात ते साडेआठ. आणि नेमका तोच वेळ माझ्या वाट्याला आला.

रोज. एक दिवस सुटला नाही. ती मला धरून उभी राहायची. कोपर दुखलं की हात बदलायची. नवनाथ खाली बसून नुसता हुकूम सोडायचा.

"हितं धर. हितं. आगं, माझ्या डोळ्यात कशाला मारतीस?"

"ह्या अंगाला धरू का?"

"इचारू नगं, धर."

मला सांगा, याच्या मनातला नट कुठे आहे हे तिला कसं कळावं? पान्हा याच्या हातात, डोळे याचे, गाडी याने खोललेली. तरी उजेड चुकला की चूक तिची. मी कितीतरी वेळा ठिणगी पाडून त्याला चटका द्यायचा विचार केला, पण चटका तिलाच बसला असता, म्हणून गप्प राहिलो.

हळूहळू सुरेखाने एक युक्ती केली. उजव्या हातात मी, डाव्या हातात पुस्तक. माझ्या जाळीतून सांडणारा थोडा उजेड तिच्या पानावर पडायचा. तेवढ्यात ती दोन ओळी वाचायची आणि मग ओठ न हलवता घोकत राहायची. इतिहासाचे सगळे सन तिने माझ्यासमोर पाठ केले. मला वाटायचं, चला, आपल्या उजेडाचा कुठेतरी धड उपयोग होतोय. नवनाथला ते पुस्तक दिसायचं. तो नाक मुरडायचा, पण बोलायचा नाही, कारण हात बाईचाच लागत होता.

एकदा तिचे वडील आले, साहेबराव. दौंड रेल्वेत त्यांची सगळी हयात बत्तीवाला म्हणून गेली. सिग्नलच्या दिव्यांच्या काचा पुसायच्या, वाती कापायच्या, रॉकेल भरायचं. उजेड म्हणजे काय हे त्या माणसाला जितकं कळत होतं, तितकं सगळ्या यवतमध्ये कुणाला कळत नसेल. ते शेडच्या दाराशी उभे राहिले. लेक तासभर दिवा धरून उभी आहे आणि तिचा चहा ओट्यावर थंड होतोय, हे त्यांनी पाहिलं. मग काजळलेला बल्ब पाहिला, भिंती पाहिल्या, आकडा उपटलेलं माझं बोडकं डोकं पाहिलं. त्यांना सगळं कळलं, मला खात्री आहे. त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. लेकीच्या सासरी बापाने तोंड घालू नये, ही आपल्याकडची रीत. "येतो जावईबापू," म्हणून ते एसटीला निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचाही संताप आला. जाणता माणूस गप्प बसतो तेव्हा जास्तच चीड येते.

१९९६ साली कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि नवनाथच्या हातात पैसे आले. मला वाटलं, आता तरी शेडमध्ये दुसरा बल्ब येईल. आला तो पाचशेचा हॅलोजन. आणि तो लावला कुठे? बाहेर, बांबूवर, 'नवनाथ ऑटो वर्क्स' या पाटीवर तोंड करून. हायवेने जाणाऱ्या ट्रकवाल्याला पाटी लांबून वाचता येत होती आणि आत मिस्त्रीला वायसर दिसत नव्हता. बाहेर लखलखाट झाल्यामुळे आतला अंधार आणखीच दाट वाटायला लागला. लोक म्हणायचे, नवनाथनं झोकात काम केलंय. नवनाथ हसायचा आणि आत येऊन म्हणायचा, "सुरेखा, दिवा धर गं."

सुरेखाने तोवर फॉर्म भरला होता. परीक्षेला तीन महिने उरले होते. इंग्रजी तिला जड जात होतं, म्हणून पहाटे चूल पेटवताना ती इंग्रजीचं पुस्तक पिठाच्या डब्यावर उघडं ठेवायची.

आणि डिसेंबरातली ती संध्याकाळ आली, जिच्यासाठी मी आज तोंड उघडलंय.

एक राजदूत आली होती. नवनाथने ती स्टँडवर उभी केली, चालू केली, गिअर टाकला आणि मागचं चाक फिरत असताना चिंधीने चेन पुसायला लागला. गाडी बंद करून हाताने चाक फिरवावं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण वेळ वाचवायचा होता. सुरेखाने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. ऐका, दोन्ही हातांनी. माझा उजेड चेनवर होता, चिंधीवर होता, त्याच्या बोटांवर होता. त्या संध्याकाळी मी जितका नीट धरला गेलो तितका कधीच धरला गेलो नव्हतो. तेवढ्यात बाहेर एक जीप थांबली. हॅलोजनच्या झोतात दोन माणसं पाटीकडे बघत उभी होती. नवनाथने मान वळवली, आपली पाटी कोण बघतंय ते बघायला. चिंधी चेनमध्ये गेली आणि चिंधीबरोबर करंगळीशेजारचं बोटही गेलं. वरचं एक पेर तुटलं.

रक्त, आरडाओरड, जीपमध्ये घालून दवाखाना. टाके घालून परत आला तेव्हा आळीतली चार माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, कसं काय झालं रे? आणि नवनाथ म्हणाला, "हिचं ध्यान पुस्तकात. उजेड पुस्तकावर आन् माझं बोट अंधारात."

मी शेडच्या कोपऱ्यात पडून ऐकत होतो. मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे त्याला खोटं पाडलं असतं. सुरेखा काही बोलली नाही. नवऱ्याच्या हाताला पट्टी, माणसं जमलेली, अशा वेळी बाईने मी खरी असं म्हणायचं कसं? पण मला तिचाही राग आला. बाई, एक वाक्य बोलायचंस.

नवनाथची आई ताईबाई उठली. तिने पुस्तक उचललं आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं. "आता हे पुरं," म्हणाली. ट्रंक ठेवली होती बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली. रोज सकाळी ज्या तसबिरीपुढे अख्खं घर हात जोडायचं, तिच्याच पायाशी सुनेचं पुस्तक कुलपात पडलं. आणि खरी गोम पुढेच आहे. ताईबाईने ते पुस्तक उचललं कुठून? शेडमधून नाही. सैपाकघरातून, पिठाच्या डब्यावरून. सकाळपासून ते तिथेच होतं. हे तिला दिसलं, तिच्या हाताला कळलं, तरी ती बोलली नाही. लेकाचं बोट तुटलेलं असताना आईला सुनेची बाजू सुचत नाही, असं म्हणून तुम्ही तिला माफ करा. मी केलेलं नाही.

आठवडाभराने साहेबराव जावयाला भेटायला आले. हातात पिशवी होती. नवनाथ हात गळ्यात बांधून ओट्यावर बसला होता. साहेबरावांनी त्याची विचारपूस केली, चहा घेतला आणि शर्ट काढून खुंटीला अडकवला.

"मामा, काय करताय?" नवनाथ म्हणाला.

"कळीचा चुना आणलाय. शेड पांढरी करतो."

"आवं, तुम्ही कशाला? पाव्हणं तुम्ही."

"लेकीच्या घरात बापानं बोलायचं न्हाई, अशी रीत हाय," साहेबराव म्हणाले. "काम करायचं न्हाई, असं कुणी सांगितलंय?"

माझा त्या माणसावरचा निम्मा राग तिथेच उतरला.

बाप आणि लेक दोघं दोन दिवस राबले. पहिल्यांदा त्यांनी जळमटं काढली. भिंतींना आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला चुन्याचे दोन हात दिले. आढ्याचा बल्ब उतरवून सुरेखाने तो कोरड्या फडक्याने पुसला, तर तो साठचा बल्ब नवा असल्यासारखा दिसायला लागला. "ह्यो मधी नगं," साहेबराव म्हणाले, "मिस्त्रीच्या पाठीमागं दिवा म्हंजी मिस्त्रीच्या म्होरं अंधार." तो त्यांनी कामाच्या फळीच्या डाव्या अंगाला, डोक्याच्या थोडा वर घेतला आणि उजव्या अंगाला तसाच दुसरा लावला. गोडेतेलाचा रिकामा डबा कापून त्याच्या दोन टोप्या केल्या. डब्याची आतली चकचकीत बाजू खाली आली आणि सगळा उजेड फळीवर पडायला लागला. खर्च म्हणाल तर चुना, एक बल्ब, एक होल्डर आणि थोडी वायर. हॅलोजनच्या किमतीत अशा पाच शेडी उजळल्या असत्या.

शेवटी साहेबरावांनी मला हातात घेतलं. माझा बल्ब पुसला. कोपऱ्यात धूळ खात पडलेली माझीच जुनी तार शोधून काढली, तिचा पुन्हा आकडा वळवला आणि माझ्या डोक्यावर बसवला. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाड तार ताणून बांधली आणि मला तिच्यावर अडकवलं. ढकललं की सरकायचं, सोडलं की थांबायचं. त्यांनी मला दोनदा ओढून पाहिलं. मला ती बोळातली बाई आठवली.

हात बरा झाल्यावर नवनाथ पहिल्यांदा शेडमध्ये आला. फळीवर एक कार्बोरेटर होता. सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "सुरेखा, दिवा..." आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. मी त्याच्या डोक्यावर टांगलेला होतो. फळीवर बारीक खिळासुद्धा दिसत होता. सुरेखा दारात रिकाम्या हातांनी उभी होती. अडीच वर्षांत त्या वेळेला तिचे हात पहिल्यांदा रिकामे होते. ती वळली आणि घरात गेली. सासूला म्हणाली ते मला ऐकू आलं.

"आत्या, ट्रंकेची किल्ली द्या."

"आन् परत बोट गेलं म्हंजी?"

"आता दिवा तार धरती, आत्या. मी न्हाई."

किल्ली मिळाली. मार्चमध्ये सुरेखा दौंडला जाऊन सगळे पेपर देऊन आली. इंग्रजीत काठावर सुटली, पण सुटली. पुढे तिला गावातल्या बालवाडीवर काम मिळालं. दोन लेकरं झाली. शेडचा उजेड बघून गिऱ्हाईक म्हणायचं, "नवनाथ, शेड झकास केलीस की," आणि नवनाथ म्हणायचा, "करावं लागतं." सासऱ्याचं नाव नाही, बायकोचं नाही. आणि कुणाची नजर त्याच्या तुटक्या बोटाकडे गेली की तोच हसून सांगायचा, "बायकोच्या बारावीला दिलं एक पेर." लोकही हसायचे. सुरेखा समोर असली तर तीही हसायची. दहा वर्षं मी ते हसू तारेवर लटकून ऐकलं. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचा काय राग धरायचा? तुम्ही ऐकलेलं नाही रोज, मी ऐकलंय.

वर्षं गेली आणि माणसं पुन्हा आपल्या वळणावर गेली. चुना एकदाच झाला. पुन्हा हात द्यायला कुणी फिरकलं नाही, साहेबरावही थकले. भिंती पुन्हा काळवंडल्या. उजव्या अंगाचा बल्ब गेला तो गेलाच. टोप्यांवर धूळ बसली. नवनाथचा धाकटा भाऊ सम्राट आयटीआय करून आला आणि गॅरेज बघायला लागला. नवनाथ स्टुलावर बसून सल्ले द्यायला लागला. एक दिवस माझी तार गंजून तुटली. तार ती काय, दहा मिनिटांचं काम. पण सम्राटचं नुकतंच लग्न झालं होतं. आणि मग २००६ सालच्या एका संध्याकाळी मी ते शब्द पुन्हा ऐकले.

"भाग्यश्री, दिवा धर गं."

सम्राट एका टेम्पोच्या खाली आडवा होऊन कसलीशी पिन हातोड्याने ठोकत होता. भाग्यश्री मला धरून उभी होती. घरात चुलीवर तिचं कालवण होतं, ते करपायला लागल्याचा वास शेडपर्यंत येत होता. ती एकदा घराकडे बघायची, एकदा टेम्पोखाली. नवनाथ स्टुलावरून म्हणाला, "नीट धर पोरी. तुझ्या जावंनं दिवा धरला आन् माझं बोट गेलं. ध्यान सगळं पुस्तकात."

सुरेखा बालवाडीची वही घेऊन दारात आली होती. ती आत आली. तिने भाग्यश्रीच्या हातातून मला काढून घेतलं. "जा तू, कालवण बघ," म्हणाली. मग तिने मला नवनाथच्या हातात दिलं. त्याच हातात, ज्याचं पेर तुटलं होतं.

"धरा," सुरेखा म्हणाली. "रिकामंच बसलाय की."

"आगं, पर मी..."

"त्या दिवशी पुस्तक शेडमदी नव्हतंच. पिठाच्या डब्यावर हुतं. माझं दोन्ही हात दिव्याला हुतं. तुम्ही पाटीकडं बघत हुता." तिचा आवाज चढला नव्हता. बालवाडीतल्या पोरांना सांगावं तसं ती सांगत होती. "दहा वरीस ऐकून घेतलं. आता तुम्ही ते नव्या पोरीला शिकवायला लागला, म्हणून बोलले. खोटं वाटत आसंल तर आत्याला इचारा."

ताईबाई ओट्यावर बसली होती. म्हातारी झाली होती, कमी ऐकू यायचं. हे मात्र ऐकू आलं.

"व्हय," ती म्हणाली. "डब्यावरनंच उचललं हुतं मी."

नवनाथ स्टुलावरून उठला. त्याने मला दोन्ही हातांत धरलं होतं, पण तो बघत होता आईकडे. माझा उजेड टेम्पोच्या चाकावरून जमिनीवर गेला, जमिनीवरून भिंतीवर. टेम्पोखालचा हातोडा थांबला. सम्राटला वरचं काही कळलेलं नव्हतं.

"कुठं बघतीस गं?" तो खालून खेकसला. "नीट धर की. उजेड कुठं, काम कुठं."

नवनाथ खाली वाकला आणि उजेड नीट धरला. पाऊण तास धरला. कोपर दुखलं तेव्हा त्याने हात बदलला, सुरेखा बदलायची तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः जाऊन नवी तार घेऊन आला.

आता मी पुन्हा तारेवर आहे. मूठ चिरलीय, जाळीची एक काडी तुटलीय, बाजारात माझ्यापेक्षा चांगले दिवे आलेत. माझं फार दिवस राहिलेलं नाही. राग गेला का, असं विचाराल तर नाही गेला. दहा वर्षांचं खोटं एका पाऊण तासात फिटत नाही. पण तुमच्या घरी कुणी संध्याकाळी अशी दिवा धरून उभी असेल, तर तिच्या हातातून तो काढून घ्या आणि खिळा शोधा. खिळा सापडेपर्यंत दिवा तुम्ही धरा.